बदामीला न्यायची लेन्स

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंकडे एक लेन्स घेऊन गेला आणि म्हणाला, "नाना, ही घेऊ की नको, एवढंच सांगा."

शिष्य म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर एखादा कोवळा मुलगा उभा राहतो. हे शिष्य साठी ओलांडलेले होते. पाटबंधारे खात्यात अभियंता म्हणून आयुष्य काढलेले कोल्हापूरचे धन्यकुमार मगदूम. निवृत्तीनंतर त्यांना छायाचित्रणाचा छंद लागला, आणि जे करायचं ते धरणाच्या भिंतीसारखं पक्कं करायचं हा स्वभाव असल्यामुळे त्यांनी रीतसर गुरू शोधला. गुरू ऐंशीच्या घरातले. गावात त्यांचा जुना स्टुडिओ होता. तो आता बंद असला, तरी वरच्या मजल्यावर ते राहत आणि येईल त्याला शिकवत. नाव कोणी घेत नसे. सगळ्यांसाठी ते नाना.

लेन्सचं प्रकरण असं होतं. धन्यकुमारांकडे नव्या पद्धतीचा मिररलेस कॅमेरा होता, आतल्या आरशाला फाटा दिलेला, हाताला हलका. त्यासाठी त्यांनी हौसेनं निरनिराळ्या लेन्सेस जमवल्या होत्या. एक रुंद दृश्यांची, एक चेहऱ्यांची, एक दूरच्या पाखरांची, आणखीही होत्या. प्रत्येक लेन्स आपापल्या कामात निष्णात. आता बाजारात एक अशी झूम लेन्स आली होती की जी एकटीच सगळी कामं करी. डोंगरही तीच टिपणार आणि डोंगरावरची घारही तीच. कॅमेऱ्यावर चढवली की प्रवास संपेपर्यंत उतरवायला नको. ओळखीच्या दुकानदारानं ती त्यांना चार दिवस वापरून पाहायला दिली होती. "साहेब, मनाला पटली तर ठेवा, नाही तर परत आणा," तो म्हणाला होता.

मनाला पटावी म्हणून धन्यकुमारांनी काय केलं नाही? सोसायटीच्या कुंपणाच्या विटांचे फोटो काढले. एकदा जुन्या लेन्सनं, एकदा नव्या लेन्सनं. मग संगणकावर ते शेजारी शेजारी मांडून एकेक वीट न्याहाळली. मधल्या विटा दोन्हींकडे सारख्या दिसल्या, पण कोपऱ्यातल्या विटा नव्या लेन्समध्ये किंचित भुरकट आल्या. त्या भुरकट विटांनी त्यांची झोप उडवली. स्वयंपाकघराच्या काट्यावर त्यांनी लेन्सेसचं वजन केलं. उजेडात कशी चालते, सावलीत कशी चालते, पाहिलं. सावलीत ती चाचपडे. छायाचित्रकारांच्या मंडळातले मित्र तर हसलेच. "सगळं करणारी म्हणजे कशातच धड नसणारी," असं एकानं सांगितलं. धन्यकुमारांचा निर्णय होईना.

निर्णय व्हायला हवा होता, कारण बदामीचा प्रवास ठरला होता.

बदामी ही त्यांच्या पत्नीची इच्छा. मालतीबाई शाळेत इतिहास शिकवत. चालुक्यांचा धडा त्यांनी वर्षानुवर्षे शिकवला, लेण्यांची चित्रं फळ्यावर काढून दाखवली, पण लेणी पाहणं काही झालं नव्हतं. आधी सासूबाईंचं आजारपण, मग मुलांची शिक्षणं, मग पाटबंधारे खात्याच्या बदल्या. यंदा उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. गुडघ्यांनी मात्र त्यांची वाट पाहिली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, "पायऱ्या चढायच्या असतील तर आताच चढून घ्या." आणि बदामीच्या लेण्यांमधलं जे शेवटचं, सगळ्यांत उंचावरचं, ते जैनांचं. मालतीबाईंना तिथल्या बाहुबलींपर्यंतच पोहोचायचं होतं.

हे सगळं नानांनी ऐकून घेतलं. लेन्स हातात घेतली, नळी पुढेमागे करून पाहिली, आणि टेबलावर ठेवून दिली.

"मागच्या प्रवासाचे फोटो आणलेस का?" त्यांनी विचारलं.

धन्यकुमारांनी आणले होते. हंपीचे. नानांनी ते सावकाश पाहिले. विठ्ठल मंदिराचा रथ, तुंगभद्रेचे गोल दगड, केळीच्या बागेतला उजेड. एकेक चित्र तोलूनमापून घेतलेलं, कोपऱ्यापर्यंत लख्ख. शिष्य वाट पाहत राहिला की आता नाना काही तरी बोलतील.

एका चित्रापाशी नाना थांबले. चित्र होतं दगडी मंडपाचं. खालच्या कडेला जमिनीवर एक सावली आली होती. खांद्याला मोठी पिशवी लावलेल्या बाईची.

"ही कोण?"

"मालती. तिला म्हटलं होतं बाजूला हो म्हणून. तरी सावली राहिलीच. कापून टाकणार आहे मी तेवढा भाग."

"अस्सं," नाना म्हणाले. त्यांनी बाकीचे फोटो पाहिले आणि परत दिले. "उद्या सकाळी रंकाळ्यावर ये. तुझ्या सगळ्या लेन्सेस घेऊन ये. पिशवीत भरून."

"आणि ही नवी?"

"ती घरी राहू दे."

दुसऱ्या दिवशी ऊन कोवळं असताना धन्यकुमार तलावावर पोहोचले. त्यांना मनातून आनंद झाला होता. नाना हल्ली फारसे बाहेर पडत नसत. शिवाय नानांबरोबर चालणं म्हणजे पर्वणी. आयुष्यभर एकच लहानशी लेन्स वापरणारा हा माणूस. त्यानं दुसऱ्या लेन्सला हात लावलेला कोणी पाहिला नव्हता. आज एवढ्या लेन्सेस मागवल्या आहेत म्हणजे एकेकीचं मर्म सांगणार असतील.

नाना आले. त्यांनी हात पुढे केला. "कॅमेरा दे. पिशवी तुझ्याकडे राहू दे."

आणि मग जे सुरू झालं ते शिष्याला समजेना. नाना दहा पावलं चालले आणि थांबले. "ती लांबची दे." धन्यकुमारांनी पिशवी उघडली, लांबची लेन्स दिली, आधीची परत घेतली. "टोपण धर." टोपण धरलं. नानांनी पाण्याकडे रोख धरला, मान हलवली. "नाही. रुंद दे." पुन्हा पिशवी, पुन्हा टोपणं. "फुंकर मार, धूळ गेली असेल." फुंकर मारली. "बाजूला हो, तुझी सावली येते." बाजूला झाले. पुन्हा थोडं चालणं, पुन्हा "थांब".

पाण्यावरच्या वेलींतून एक जांभळी पाणकोंबडी आली. मागून तिची काळी कापसासारखी पिलं. धन्यकुमारांना असं दृश्य कितीतरी दिवसांनी दिसत होतं. "नाना, ते बघा..." ते हरखून म्हणाले.

"हलू नकोस. चेहऱ्यांची दे."

पिशवीत शोधून ती लेन्स देईपर्यंत पिलं वेलींत शिरली होती.

थोडं पुढे गेल्यावर समोरून एक गृहस्थ आले आणि थबकले. "अरे, मगदूम!" धन्यकुमारांबरोबर पूर्वी राधानगरी धरणावर काम केलेले भोसले. किती वर्षांनी भेट! भोसल्यांनी हात हातात घेतला. ते सांगू लागले की अलीकडे पुन्हा तिकडे गेलो होतो, आपण ज्या खोलीत राहत होतो ती अजून तशीच आहे, आणि त्या खोलीच्या मागे...

"धन्यकुमार, लांबची!" नानांचा आवाज आला.

धन्यकुमारांनी हात सोडवून घेतला. लेन्स दिली, टोपणं सांभाळली. वळून पाहिलं तेव्हा भोसले ओशाळून निरोपाचा हात करत पुढे निघाले होते. खोलीच्या मागे काय, ते राहूनच गेलं.

आता मात्र धन्यकुमारांच्या मनात चीड दाटली. पट्टा खांद्यात रुतत होता. दोन्ही हातांत टोपणं असल्यानं कपाळावरचा घामही पुसता येत नव्हता. पण समोर नाना होते. धन्यकुमार टोपणं धरून मागे चालत राहिले.

तलावाकाठच्या शालिनी पॅलेसच्या बाजूला नाना एका कठड्यावर बसले. शिष्यही बसला. समोर चहावाला होता. नानांनी दोन चहा सांगितले.

"मग," नाना म्हणाले, "काय काय पाहिलंस आज?"

"काय पाहणार?" इतका वेळ आवरलेलं बोलणं तोंडातून निसटलं. "तुमची टोपणं सांभाळत होतो."

नाना गालात हसले. रागावले नाहीत. धन्यकुमारांना आपल्या बोलण्याची लाज वाटली. वेळ सावरावी म्हणून ते म्हणाले, "निदान फोटो तरी बघू या, कसे आलेत."

नानांनी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. पडदा रिकामा होता. धन्यकुमारांनी कळ दाबून पाहिली, कप्पा उघडून पाहिला. आत कार्डच नव्हतं. ते नानांच्या सदऱ्याच्या खिशातून निघालं.

"नाना, एकही फोटो काढला नाहीत? मग हा सगळा खटाटोप कशासाठी?"

नानांनी चहाचा घोट घेतला. मग ते शांतपणे बोलू लागले.

"अरे, लेन्सचं तुला माझ्यापेक्षा अधिक कळतं. ही नवी लेन्स अंधारात हरेल. कोपऱ्यात थोडी मऊ पडेल. तुझ्या पिशवीतल्या लेन्सेस हिच्याहून सुंदर चित्रं देतील, यात मला शंका नाही. तू हे सगळं तोललंस, आणि बरोबर तोललंस. फक्त काट्यावर तू तेवढंच ठेवलंस, जे तुझ्या हाताला जाणवलं. मालतीच्या हाताला काय जाणवतं, ते काट्यावर आलंच नाही. काल तुझे फोटो पाहिले. हंपीला तुम्ही दोघं गेला होतात, आणि त्या चित्रांत तुझी बायको फक्त एकदा भेटली मला. तीही सावली म्हणून. आज सकाळभर तू तिच्या जागेवर उभा होतास. तिथून तलाव कसा दिसतो, ते तुला कळावं, एवढंच मनात होतं."

धन्यकुमारांनी शेजारच्या पिशवीकडे पाहिलं. चहा हातात निवत होता.

"पण नाना," ते म्हणाले, "ती कधी एका शब्दानं तक्रार करत नाही हो."

"तू केलीस का आज? मनातून चिडला होतास, मला दिसत होतं. तरी टोपणं धरून उभा राहिलास." नानांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "माझ्यावर जीव आहे ना तुझा. जीव असलेली माणसं तक्रार करत नाहीत. त्यांच्या वतीनं आपणच मोजायचं असतं."

मग नाना उठले. "कोणती लेन्स न्यायची ते मी सांगणार नाही. कोणतीही घेतलीस तरी काहीतरी हातचं जाईलच. काय जाऊ द्यायचं, तेवढं तुझं तू ठरव."

धन्यकुमार घरी आले तेव्हा मालतीबाई मटार सोलत होत्या. धन्यकुमार समोर बसले. शेंगा उचलून तेही सोलू लागले. हे जरा नवलाचं होतं, पण मालतीबाईंनी तसं दाखवलं नाही.

"बदामीला मी एकच लेन्स नेणार आहे," ते म्हणाले. "ही नवी. पिशवी न्यायची नाही. तुझ्या खांद्याला ओझं व्हायचं तिचं. माझ्या लक्षातच आलं नाही इतके दिवस."

मालतीबाईंनी हातातली शेंग सोलून झाल्यावरच मान वर केली.

"पिशवीचं मला काही नाही हो. बाजाराच्या पिशव्या काय कमी वाहिल्यात?" त्या हसल्या. मग हसू थोडं ओसरलं. "तुम्ही मध्येच 'थांब' म्हणता ना, तेव्हा माझं बोलणं अर्धं राहतं. तुमचा फोटो होईपर्यंत मी उभी असते. नंतर तेच पुन्हा सांगावंसं वाटत नाही. एवढंच."

"कधी सांगितलं नाहीस."

"तुमचा चेहरा इतका आनंदात असतो कॅमेऱ्यामागे," त्या म्हणाल्या. "कशाला?"

धन्यकुमारांनी पुढची शेंग उचलली. ते मटार सोलत राहिले. दुपारी दुकानदाराकडे जाऊन त्यांनी लेन्स ठेवून घेतल्याचं सांगितलं आणि बाकीच्या लेन्सेस कपाटात वरच्या खणात ठेवून दिल्या.

थंडी पडल्यावर ते दोघं बदामीला गेले. लाल डोंगर, पायथ्याशी अगस्त्य तीर्थाचं हिरवट पाणी, पलीकडच्या काठावर देऊळ. मालतीबाई एका हातानं भिंतीचा आधार घेत, दुसरा हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवत पायऱ्या चढल्या. त्या खांद्यावर एरवी कॅमेऱ्याचा पट्टा असे. आज तो त्यांनी गळ्यात अडकवला होता. दम लागला की दोघं पायरीवर टेकत. लेन्सनं आपलं काम चोख केलं. खालचा तलाव तिनं सबंध टिपला, आणि जागेवरून न हलता, खांबांच्या माथ्यावर कोरलेल्या झाडाखाली उभी असलेली दगडी जोडपीही जवळ आणून दाखवली. धन्यकुमारांना कौतुक वाटलं. मालतीबाई बोलत होत्या आणि फोटो काढताकाढताही त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

शेवटच्या लेण्यापाशी पोहोचल्यावर मालतीबाई उंबऱ्याशी थांबल्या. त्यांनी चपला कधीच काढल्या होत्या. आत बाहुबलींची मूर्ती होती, पायांवर, हातांवर वेली चढलेल्या. त्यांनी हात जोडले. कितीतरी वेळ त्या तशाच उभ्या होत्या.

आत उजेड कमी होता. ओसरीवरून आलेला प्रकाश मूर्तीच्या एकाच बाजूला, मधासारखा, टेकला होता. धन्यकुमारांनी कॅमेरा उचलला. असं चित्र पुन्हा मिळणार नव्हतं. मूर्ती, तो प्रकाश, आणि समोर हात जोडलेली मालती. त्यांनी कळ दाबली. पडद्यावर धूसर काहीतरी उमटलं. श्वास रोखून, खांबाला पाठ लावून पुन्हा दाबली. पुन्हा तेच. कॅमेऱ्याखाली तिवई लावायला तिथे मनाई होती. चेहऱ्यांची लेन्स असती तर हे चित्र आलं असतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. ती घरी कपाटात होती. नाना म्हणाले होते तसं ते हातचं गेलं, आणि जाताना दुखलं.

त्यांनी कॅमेरा खाली केला.

तेव्हा त्यांना ऐकू आलं. सोलापूरकडची काही मंडळी लेणं पाहायला आली होती. त्यांतल्या एका मुलीनं मालतीबाईंना विचारलं होतं, "काकू, या वेली खऱ्या होत्या का?" आणि मालतीबाई सांगू लागल्या होत्या. थोरल्या भावाशी लढून राज्य जिंकल्यावर ते सोडून देणारा धाकटा भाऊ. उभं राहूनच केलेली तपश्चर्या. इतका निश्चल उभा, की वेलींना वाटलं हे झाडच. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. घरात कधी ऐकला नव्हता असा, खणखणीत आणि तरीही मृदू, प्रत्येक शब्द शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. हात हवेत वेली काढत होता. मंडळी एकेक करून खाली बसली. बाहेरची दोन माणसंही आत येऊन बसली.

धन्यकुमार मागे खांबापाशी उभे होते. एवढा संसार झाला, रोज सकाळी ही बाई डबा घेऊन शाळेत जात होती, आणि ती तिथे काय करते हे आपण एकदाही पाहिलं नाही. तेही खाली बसले. ऐकता ऐकता खरोखरच एक शंका त्यांच्या मनात आली. मालतीबाई थांबल्या तसा त्यांनी हात वर केला.

"बाई, श्रवणबेळगोळला बाहुबलींचे केस कुरळे आहेत. इथे ते खांद्यावर मोकळे का सोडलेत?"

मालतीबाईंची नजर अंधारात मागच्या रांगेकडे गेली. शाळेतल्या सवयीनं, कोण विचारतंय हे न पाहताच त्या म्हणाल्या,

"छान प्रश्न आहे. पण तिथून तुला नीट दिसणार नाही. पुढे येऊन बस."

म्हणून झाल्यावर त्यांना उमगलं, आपण कुणाला काय म्हणालो ते. त्यांनी पदर तोंडाला लावला. मंडळींना काही कळलं नाही. त्यांनी नुसती सरकून वाट करून दिली.

धन्यकुमार उठले आणि पुढे जाऊन बसले.